डीटीपीच्या मशीनचं बूट: नौपाडा, ठाणे

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

नौपाड्यातल्या काकांचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. तुळशीची लग्नं सुरू झाली की यांच्याकडे पत्रिकावाल्यांची रीघ लागते, आणि नेमकं आत्ताच मशीन उठेना. सकाळी काकांचा फोन आला, "अगं, काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येतात आणि तिथेच बसतं. तेवढं बघून जा बाई." त्याआधी कुणीतरी येऊन 'फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही' असं सांगून गेलं होतं. काकांचा चेहरा त्यामुळेच उतरलेला.

पडद्यावर होतं ते असं: 'एरर: नो सच पार्टिशन', खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारा कर्सर. ग्रब हा लिनक्सबरोबर येणारा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू झाल्यावर प्रणाली उठवणारा छोटा प्रोग्रॅम; पार्टिशन म्हणजे डिस्कचा पाडलेला भाग. म्हणजे डिस्क वाचली जाते आहे, ग्रबचा पहिला तुकडा चालतो आहे, फक्त पुढची फाइल त्याला सापडत नाही. अशा मशीनला फॉरमॅट कसला मारायचा?

आधी मशीनमध्ये काय काय आहे ते लिहून घेतलं. जुळवलेला डेस्कटॉप, बोर्ड २०१२-१३ च्या सुमाराचा. यूईएफआय (बोर्डावरचं, मशीन उठवणारं नव्या पद्धतीचं फर्मवेअर) आहे, त्याआधीच्या जुन्या बायोसची नक्कल करणारी सोयही आहे. डिस्क दोन. पहिली ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, एमबीआर पद्धतीची (पार्टिशनांची यादी ठेवायची जुनी पद्धत): सी वर ३२ बिट विंडोज ७, डी वर वर्षानुवर्षांच्या पत्रिका, त्यामागे एक्स्टेंडेड भाग (ज्याच्या पोटात आणखी पार्टिशनं बसतात). दुसरी २५६ जीबीची एसएसडी, जीपीटी या नव्या पद्धतीची, तिच्यावर विंडोज १०. दिवाळीच्या सुट्टीत काकांचा पुतण्या आला होता. इंजिनिअरिंगला आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपला आणि या बोर्डावर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसल्यामुळे विंडोज ११ चढत नाही, म्हणून त्याने जुन्या डिस्कच्या शेपटीला उबुंटू लिनक्स टाकून दिलं.

विंडोज ७ अजून का, हे इथे लिहून ठेवते, नाहीतर वाचणारा म्हणेल काढून टाका. पेजमेकर ७ आणि युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट. या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फॉन्टच्या पॅकेजचा डोंगल (मशीनला जोडायची परवान्याची किल्ली) आहे आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे चालत नाही. तेव्हा विंडोज ७ राहणार.

काकांची सून टायपिंगला बसते. तिला विचारलं, "वहिनी, बिघडायच्या आधी शेवटचं काय केलंत?" म्हणाली, "ई ड्राइव्ह रिकामाच होता, शनिवारी काढून टाकला. जागा मोकळी होईल म्हटलं." उलगडलं. एक्स्टेंडेड भागातल्या पार्टिशनांचे क्रमांक ५ पासून सुरू होतात आणि ते साखळीतल्या जागेवरून ठरतात. ई पाचवा होता, उबुंटू सहावा. पाचवा काढल्यावर सहाव्याचा पाचवा झाला. ग्रबच्या पोटात मात्र 'सहाव्यावर जा' असं कोरलेलं, आणि सहावा आता अस्तित्वातच नाही.

ग्रब रेस्क्यूत मोजक्याच आज्ञा चालतात, पण तेवढ्या पुरतात. एलएस दिल्यावर पार्टिशनांची यादी आली. पाचव्याच्या आत डोकावलं तर बूट, ईटीसी, होम हे फोल्डर दिसले. प्रीफिक्स आणि रूट (ग्रबने आपल्या फायली कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या दोन सेटिंग) पाचव्याकडे वळवले, नॉर्मल हे मॉड्यूल भरलं आणि नॉर्मल म्हटलं. मेनू उभा राहिला. त्यातून विंडोज ७ उघडलं, वहिनींनी पत्रिकेचं अडलेलं प्रूफ काढलं.

ही फक्त आजपुरती सोय. मशीन बंद करून चालू केलं की परत तेच. वहिनींना या चार ओळी कागदावर लिहून दिल्या, टायपिंगचा हात असल्यामुळे त्यांना काही जड नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

विंडोज १० चं प्रकरण वेगळं निघालं. ते दिवाळीपासूनच उघडत नव्हतं. निळा पडदा आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. लिनक्स टाकल्यानंतर दिसलं, म्हणून घरात सगळं खापर पुतण्यावर फुटलेलं.

फर्मवेअरच्या सेटअपमध्ये शिरले तर घड्याळात २०१२ साल. दिवाळीत दुकान बंद, मेन स्विच बंद, आणि बोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलेला. मीटर लावला तर तीन व्होल्टच्या सेलमध्ये अडीचही नाहीत. सेल मेला की या बोर्डाची सगळी सेटिंगं कारखान्यातून आली तशी होतात, आणि त्या काळच्या बऱ्याच बोर्डांप्रमाणे यातही साटाची (डिस्क जिथे जोडतात त्या पोर्टची) मूळ सेटिंग नवी एएचसीआय नसून जुनी आयडीई आहे. विंडोज १० एएचसीआयवर चढवलेलं. त्याला बूट होताना डिस्कचा ड्रायव्हर सुरुवातीलाच लागतो. डिस्क वेगळ्या रूपात समोर आली की ते हात टेकतं. विंडोज ७ ला दोन्ही चालतं, कारण ते आयडीईच्या काळात टाकलं होतं आणि पुढे कुणीतरी त्यात एएचसीआयचा ड्रायव्हरही चालू केला होता. लिनक्सला तर फरकच पडत नाही.

नवा सेल टाकला, एएचसीआय केलं, तारीख-वेळ लावली. विंडोज १० पहिल्या दमात उघडलं. त्याचं काहीही बिघडलेलं नव्हतं. फॉरमॅट मारलं असतं तर बिलांचं सॉफ्टवेअर आणि जीएसटीचा सगळा पसारा नाहक पुन्हा उभा करावा लागला असता.

बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू आहे का तेही पाहून घेतलं. नाही. लॅपटॉपवर मात्र फर्मवेअरची सेटिंगं बदलण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय मी कशालाही बोट लावत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आता जुन्या डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइटांचा पहिला तुकडा. लाइव्ह (डिस्कवर काही न चढवता चालणाऱ्या) पेन ड्राइव्हवरून लिनक्स उघडलं, डिस्कचे पहिले ६३ सेक्टर फाइलमध्ये उतरवले, ती फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवली आणि मगच हेक्समध्ये (बाइट न् बाइट दिसेल अशी) उघडली. दुरुस्तीला हात घालण्याआधी ही प्रत घेतेच, ६३ सेक्टर म्हणजे ३२ केबीसुद्धा होत नाहीत.

पहिल्या ५१२ बाइटांत ४४६ बाइट बूटच्या कोडचे, ६४ बाइट पार्टिशन टेबलचे, शेवटचे दोन ५५ एए ही खूण. कोडच्या भागात 'ग्रब', 'जिऑम', 'हार्ड डिस्क', 'रीड', 'एरर' असे शब्द उघड्या डोळ्यांनी वाचता येतात. म्हणजे विंडोजचा कोड जाऊन ग्रबचा बसलाय. टेबलच्या पहिल्या नोंदीचा पहिला बाइट ८० असायला हवा, तो ०० निघाला. हे ॲक्टिव्हचं चिन्ह. ग्रबला ते लागत नाही, पण विंडोजच्या कोडला त्याशिवाय पुढे कुठे जायचं हे कळत नाही. हे लक्षात ठेवायचं.

पुढचं जास्त मजेचं. ही डिस्क एक्सपीच्या काळात पाडलेली, त्यामुळे पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतं. विंडोज ७ त्याच पार्टिशनवर चढवलंय. नव्या डिस्कांवर ही सुरुवात २०४८ व्या सेक्टरवर असते, एक एमबी जागा सुटते. इथे मधे ६२ सेक्टर, म्हणजे ३१,७४४ बाइट. ही जागा इमारतीच्या जिन्याखालच्या जागेसारखी आहे, कुणाच्याच नावावर नाही म्हणून जो तो आपलं सामान तिथे ठेवतो. ग्रबने आपला गाभा तिथे जेमतेम कोंबलेला. आणि १६,३८४ व्या बाइटवर, म्हणजे ३२ व्या सेक्टरमध्ये, भलतंच काहीतरी. विंडोजमधल्या एका जुन्या सॉफ्टवेअरने आपल्या परवान्याची खूण तिथे लिहून ठेवली आहे. हल्लीचा ग्रब अशा काही माहितीतल्या खुणा ओळखतो आणि तो सेक्टर सोडून पुढे लिहितो. इथेही त्याने तेच केलं होतं. फार जुना ग्रब असता तर एकतर परवाना गेला असता, नाहीतर ते सॉफ्टवेअर उघडल्याबरोबर ग्रब.

उरलेला प्रश्न: ग्रबच्या मेनूत विंडोज १० का नाही? पुतण्याला फोन लावला. "ताई, मी ओएस-प्रोबर चालू करून पाहिला, तरी येत नाही." बरोबर आहे. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब ओएस-प्रोबर वापरून दुसऱ्या प्रणाली आपणहून शोधत नाही, त्याच्या सेटिंग फाइलमध्ये ते चालू करावं लागतं. ते त्याने केलं होतं. अडचण त्याच्या आधीची. बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावापुढे 'यूईएफआय' लावून. त्याने नुसता निवडला. मग उबुंटूही जुन्या बायोसच्या पद्धतीने चढलं. बायोस पद्धतीने सुरू झालेला ग्रब यूईएफआय पद्धतीच्या विंडोजला उठवू शकत नाही, मधे उडी मारायची सोयच नाही. चालू लिनक्स कुठल्या पद्धतीने उठलंय हे पाहायला '/सिस/फर्मवेअर' मध्ये 'ईएफआय' हा फोल्डर आहे का ते बघायचं. नसेल तर बायोस पद्धत.

ठरवलं: एका मेनूत तिघांना बसवायचा हट्ट सोडायचा. प्रत्येक प्रणालीला तिची स्वतःची डिस्क आणि तिचा स्वतःचा बूटलोडर, निवड फर्मवेअरच्या बूट मेनूतून. एका मेनूत सगळं दिसणं बघायला छान, पण तो मेनू पडला की तिघेही जातात. पत्रिकांच्या दिवसांत तसं चालणार नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जुन्या डिस्कची स्मार्ट तपासणी (डिस्क स्वतः ठेवते त्या तब्येतीच्या नोंदी). बदललेले सेक्टर थोडे, पण 'पेंडिंग' शून्य नाहीत. पेंडिंग म्हणजे डिस्कला जे वाचता येत नाहीत आणि जे अजून बदललेलेही नाहीत असे. काकांना म्हटलं, या डिस्कवर मी काही लिहिणार नाही, आधी हिची जशीच्या तशी प्रत करू, दुरुस्ती प्रतीवर.

प्रत सेक्टर-बाय-सेक्टरच हवी. फायली कॉपी करून पहिल्या ६३ सेक्टरांतलं काही येत नाही, परवान्याची खूण तिथेच राहते. म्हणून नवी डिस्क जुनीपेक्षा एका सेक्टरनेही लहान चालणार नाही. ५०० जीबीच्या या डिस्कवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर आहेत. दुकानदार ४८० जीबीची एसएसडी पुढे करत होता, "मॅडम, वीस जीबीने काय होतंय?" डिस्कच्या शेपटीचं पार्टिशन कापलं जातं, ते होतंय. ५०० वाली घेतली, सेक्टरांचा आकडा काउंटरवरच लॅपटॉपला लावून पाहिला. लिनक्ससाठी २४० ची एक वेगळी घेतली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डिस्क काढून माझ्या वागळे इस्टेटच्या गाळ्यावर आणली. तीन हात नाक्यापर्यंतच्या खड्ड्यांत रिक्षात ती मांडीवरच होती.

डीडीरेस्क्यूने प्रत चालू केली. साधं डीडी (लिनक्सची प्रत काढायची आज्ञा) वाईट सेक्टर आला की एकतर थांबतं, नाहीतर तिथेच खेटत बसतं. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग उचलतं, वाईट कोपरे मागाहून खरवडतं, आणि कुठवर आलो ते नकाशाच्या फाइलमध्ये लिहीत जातं. ती फाइल तिसऱ्याच ठिकाणी ठेवायची, प्रत होणाऱ्या डिस्कवर नाही.

तिचा उपयोग आजच झाला. शुक्रवार म्हणजे देखभालीसाठी वीज बंद होण्याचा वार, आणि मेसेज आला तोवर वीज गेलेलीही होती. यूपीएसवर शिट्टी वाजत असताना कंट्रोल-सी दाबून नीट थांबवलं. दुपारी वीज आल्यावर तीच आज्ञा तशीच दिली, जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू.

संध्याकाळपर्यंत चांगला भाग पूर्ण. डी च्या एका कोपऱ्यात थोडे सेक्टर वाचले जात नाहीत. रात्रभर खरवडायला लावून घरी आले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रात्रीत बरेचसे आले, थोडे राहिले. ते कुठल्या फाइलचे, हे एनटीएफएसक्लस्टर या आज्ञेने शोधलं: एका सोसायटीच्या जुन्या अहवालाच्या मुखपृष्ठाची टिफ, म्हणजे चित्राची फाइल. काका म्हणाले, "ती सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, नव्या टॉवरचं नावही वेगळं. जाऊ दे."

मूळ डिस्क बाजूला, मशीनला लावायची नाही. प्रतीवर डिस्कची सहीसुद्धा (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) तीच असते, आणि दोन्ही एकदम दिसल्या की विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं.

दुकानात नवी एसएसडी एकटीच जोडली, बाकीच्या डिस्कांच्या डेटा केबल काढल्या. विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून रिपेअरमध्ये जाऊन डिस्कपार्टने पहिलं पार्टिशन ॲक्टिव्ह केलं, मग बूटरेकची फिक्सएमबीआर. ही आज्ञा फक्त कोडचा भाग बदलते, पार्टिशन टेबल आणि ३२ वा सेक्टर यांना हात लावत नाही. हेक्समध्ये पाहिलं: ग्रबचे शब्द गेले, ८० आलं, परवान्याची खूण जागच्या जागी.

विंडोज ७ उघडलं, पेजमेकर उघडलं, डोंगल ओळखला. ६३ पासून सुरू होणारं पार्टिशन एसएसडीच्या ४ केबीच्या हिशोबात बसत नाही, वेग थोडा कमी मिळतो. पण हार्ड डिस्कवरून आलेल्या वहिनींना त्याचं काय! "अहो, गणपतीची बॉर्डर क्लिक केल्याबरोबर आली!"

१७ नोव्हेंबर, सोमवार

लिनक्स. पुतण्याला बोलावलं, त्यालाच करू दिलं. आधी बाकीच्या दोन डिस्कांच्या केबल काढायला लावल्या. कारण उबुंटूचा इन्स्टॉलर दुसऱ्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन (यूईएफआयचे बूटलोडर ठेवायची जागा) दिसलं की आपला बूटलोडर तिथे नेऊन ठेवू शकतो, मग लिनक्स एका डिस्कवर आणि त्याची किल्ली दुसऱ्या. विंडोज १० ची एसएसडी उद्या बदलली की लिनक्सही गप्प.

या वेळी बूट मेनूत 'यूईएफआय' लिहिलेला पेन ड्राइव्ह. अर्ध्या तासात झालं. ईएफआय पार्टिशनमध्ये उबुंटूच्या फोल्डरबरोबर 'बूट' फोल्डरात 'बूटएक्स६४' ही फाइलही आहे ना, ते पाहिलं. सेल परत मेला आणि फर्मवेअर सगळी नावं विसरलं, तरी ते प्रत्येक डिस्कवर ही फाइल शोधतं.

केबल जोडल्यावर ओएस-प्रोबरला विंडोज १० आपोआप सापडलं, दोघेही यूईएफआयचे म्हणून. विंडोज ७ सापडलं नाही, सापडायचं कारणही नाही. पुतण्या ईएफआयबूटमॅनेजरने दाखवलेली फर्मवेअरची बूट यादी बघून म्हणाला, "ताई, मग ग्रबचा मेनू तरी कशाला?" राहू दे, अडचण नाही.

सेटअपमध्ये बूट 'दोन्ही पद्धती' असं ठेवलं, सिक्युअर बूट (सही असलेले बूटलोडरच चालू देणारी सोय) बंद, कारण विंडोज ७ ला ते झेपत नाही. पहिला क्रम विंडोज ७ च्या डिस्कला. सकाळी स्विच दाबून चहाला गेलं तरी परत येईपर्यंत रोजच्या कामाचं विंडोज उभं असतं. बाकी दोन्हींसाठी बूट मेनूचं बटण, त्याची चिठ्ठी कॅबिनेटवर चिकटवली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वहिनींची जुनी तक्रार: विंडोज १० वर काम करून नंतर सात उघडलं की ते डी ड्राइव्ह तपासत बसतं. बूटशी थेट संबंध नाही, पण तीन प्रणालींनी एकच डी वापरायचा म्हटल्यावर हे बघायलाच हवं.

कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नव्हेच, अर्धवट झोप आहे, आणि त्या झोपेत डी सुद्धा विंडोज १० च्याच ताब्यात राहतो. त्यात नव्या विंडोजची एनटीएफएसवरची (विंडोजच्या ड्राइव्हची फाइल ठेवायची पद्धत) लॉग नवीन पद्धतीची. ड्राइव्ह नीट सोडला तरच ती जुन्या पद्धतीत उतरवली जाते. सोडलाच नाही की विंडोज ७ ला लॉग बिघडलेली वाटते आणि ते तपासणी लावतं. लिनक्स तर 'विंडोज झोपलेलं आहे' म्हणून लिहू देत नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. एकाच्या झोपेत दुसऱ्याने डी वर लिहिलं तर जागा झालेला पहिला आपल्या जुन्या समजुतीने त्यावरच लिहील. पत्रिकांच्या फायली अशाच खराब होतात.

विंडोज १० मध्ये ॲडमिनच्या खिडकीतून पॉवरसीएफजी या आज्ञेने हायबरनेशन, म्हणजे ही झोप, पूर्ण बंद केलं, फास्ट स्टार्टअप त्याबरोबरच गेलं. उघडायला काही सेकंद जास्त लागतात. लागू देत.

दुसरं घड्याळ. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की वेळ बरोबर साडेपाच तास मागे. लिनक्स बोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. दोन विंडोज बदलण्यापेक्षा लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला सांगितलं. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करतात तिथे ही सेटिंग त्रासाची असते, आपल्याकडे तो प्रश्नच नाही.

विंडोज ७ ची नेटवर्क जोडणी सॉफ्टवेअरमधून बंद. त्याचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला, आता ते फक्त पेजमेकरपुरतं. पीडीएफ डी वर ठेवायची आणि व्हॉट्सॲपवर पाठवायची ती विंडोज १० किंवा लिनक्सवरून.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाअखेरची फेरी. मेन स्विच रात्रभर बंद ठेवायला सांगितलं होतं. तारीख बरोबर, साटा एएचसीआय, तिन्ही प्रणाली आपापल्या बटणावर उठतात. डी ची तपासणी परत आली नाही.

मूळ हार्ड डिस्क पिशवीत घालून, वर 'जोडू नये' लिहून काकांच्या कपाटात. पहिल्या ६३ सेक्टरांची फाइल आणि तिन्ही डिस्कांच्या पार्टिशन टेबलांच्या प्रती पेन ड्राइव्हवर, एक काकांकडे, एक माझ्याकडे.

विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा सुरक्षा अपडेटं घ्यायची नोंदणी वहिनींनी करून टाकली. त्यापुढे बिलांचं काम लिनक्सवर नेता येतं का, हे पुतण्या बघतोय.

बाकी राहिलं ते हे: विंडोज ७ ची प्रत लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन) म्हणून उठवून बघायची. डोंगल यूएसबीचा आहे, तो आतपर्यंत पोचवता आला तर या जुन्या बोर्डाची गरजच उरणार नाही. पुतण्याच्या सेमिस्टरच्या परीक्षा झाल्या की एका रविवारी बसू, डिस्कची इमेज मी घेऊन येईन.